घरातला गेम सर्व्हर: संगणक जुना चालतो, जोडणी चालेलच असे नाही

घरी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगातल्या खेळाचा सर्व्हर (सगळ्यांना एकत्र खेळता यावे म्हणून ते जग चालवणारा संगणक) चालवायचा म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो महागडे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा. सर्व्हर चित्र काढत नाही. कोण कुठे उभा आहे, कोणता ठोकळा फुटला, कोणता प्राणी कुठे चालला, एवढाच हिशोब तो ठेवतो आणि चित्र प्रत्येक खेळाडूच्या आपापल्या संगणकावर उमटते. त्यामुळे इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये यासाठी जुना ऑफिस संगणक बघायला गेलात, तर ग्राफिक्स कार्डाचा विषय निघताच तो तिथेच संपवावा.

प्रोसेसर मात्र पारखून घ्यावा. हा खेळ सेकंदाला २० वेळा सगळ्या जगाचा हिशोब करतो, म्हणजे प्रत्येक फेरीला ५० मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातले मुख्य काम एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या एका स्वतंत्र भागावर) चालते; म्हणून आठ संथ कोअरपेक्षा चार वेगवान कोअर केव्हाही बरे. मॉड (खेळात बदल करणारे जोड-प्रोग्राम) नसतील आणि पाच ते दहा खेळाडू असतील, तर सर्व्हरला ४ जीबी रॅम पुरते आणि संगणकात एकूण ८ जीबी असावी. मोठे मॉडपॅक असेल तर हे आकडे दुप्पट धरावेत. ‘आहे तेवढी सगळी रॅम देऊन टाका’ हे कोणी सांगितले तर ऐकू नये, कारण ऑपरेटिंग सिस्टिमला काही उरत नाही आणि मेमरी साफ करण्यासाठी जावा (सर्व्हर ज्यावर चालतो ती प्रणाली) मधूनच थांबते तेव्हा खेळ अडखळतो. डिस्क एसएसडीच हवी.

जावा बसवणे, सर्व्हरची फाइल उतरवणे, परवान्याच्या अटी मान्य करणे आणि व्हाइटलिस्ट (ठरावीक खेळाडूंनाच आत घेणारी यादी) सुरू करणे ही अर्ध्या तासाची कामे आहेत. सर्व्हर राउटरला केबलनेच जोडावा. वायफायवर तो चालवू नये.

बँडविड्थचा विचार करताना जाहिरातीतला डाउनलोडचा आकडा विसरावा, कारण सर्व्हरच्या दृष्टीने महत्त्व अपलोडला आहे. नवीन प्रदेशात धावत सुटलेल्या खेळाडूला सारखे नवे चंक (जगाचे तुकडे) पाठवावे लागतात, म्हणून मी प्रत्येक खेळाडूमागे १ एमबीपीएस अपलोड धरतो. एरवी त्याच्या निम्मेही लागत नाही. दहा जणांसाठी १० एमबीपीएस म्हणजे काही फार नाही, पण त्याच वेळी घरात कोणी लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवत असेल तर अपलोडची रांग भरते आणि सगळ्यांचा पिंग (संदेश जाऊन परत येण्याचा वेळ) एकदम वर जातो. राउटरमध्ये क्यूओएसची (कोणत्या वाहतुकीला आधी वाट द्यायची हे ठरवण्याची) सोय असेल तर ती वापरावी. जोडणी बेताचीच असेल, तर व्ह्यू डिस्टन्स (खेळाडूला किती दूरपर्यंतचे जग दाखवायचे तो आकडा) कमी करण्यासारखा स्वस्त उपाय नाही: मूळ १० या आकड्याला प्रत्येक खेळाडूभोवती ४४१ चंक येतात, तर ६ ला फक्त १६९.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. राउटरमध्ये २५५६५ हा टीसीपी पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडणीचे क्रमांकित दार) उघडलेला, संगणकाच्या फायरवॉलमध्ये परवानगी दिलेली, घरातल्या घरात सर्व्हर सुरळीत चालू, आणि वडोदऱ्याच्या मावसभावाला मात्र ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. या टप्प्यावर मी बरेच दिवस अडकलो होतो, आणि मिळेल तो प्रत्येक सल्ला ‘पोर्ट पुन्हा उघडून बघा’ इथेच येऊन थांबत होता. दोष पोर्टचा नव्हताच. आयपीव्ही४ म्हणजे इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे असल्यामुळे (आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला) ब्रॉडबँड कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात; याला सीजीनॅट म्हणतात. आतून बाहेर गेलेल्या विनंतीची नोंद कंपनीच्या यंत्रात असल्याने उत्तर परत येते, पण बाहेरून आपणहून आलेली जोडणी कोणाच्या घरी पाठवायची हे त्या यंत्राला ठाऊक नसते. तुमच्या राउटरमध्ये काहीही बदलले तरी त्यावर परिणाम होत नाही.

म्हणून पोर्टला हात लावण्यापूर्वी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघावा आणि ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरच्या पत्त्याशी तो ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर पोर्ट उघडून काम होईल. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, कारण हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीच्या फायबर यंत्रामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावला आहे. त्यातले एक ब्रिज मोडमध्ये (जोडणी फक्त पुढे देण्याच्या स्थितीत) टाकावे आणि पुन्हा तपासावे.

सीजीनॅटमधून बाहेर पडण्याचा सरळ मार्ग म्हणजे कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घेणे. फोनवर ‘पोर्ट चालू आहेत ना?’ असे विचारू नये, त्याला उत्तर नेहमी ‘हो’च येते, ‘माझ्या राउटरवर सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळेल का?’ असे विचारावे, आणि तेही वर्षाचे पैसे भरण्याआधी. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) फुकट मिळते, पण ते दोन्ही टोकांना असावे लागते आणि राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल वेगळी उघडावी लागते. खेळणारे पाच-सहा ओळखीचेच असतील, तर टेलस्केल किंवा झिरोटियर (दूरचे संगणक एका खासगी जाळ्यात जोडणारे प्रोग्राम) प्रत्येकाच्या संगणकावर बसवावे, पोर्ट उघडण्याच्या भानगडीत पडूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. टनेल सेवाही (जोडणी स्वतःच्या यंत्रावरून फिरवून देणाऱ्या) चालतात, मात्र वाहतूक परदेशातल्या यंत्रावरून फिरून आली तर पिंग वाढतो.

काही झाले तरी डीएमझेड (बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी एकाच संगणकाकडे सोडण्याची राउटरमधली सोय) चालू करू नये आणि फायरवॉल पूर्ण बंद करू नये. अडचण सीजीनॅटची असेल तर त्याने फायदा शून्य, आणि नसेल तर अख्खा संगणक बाहेरच्यांसाठी उघडा पडतो. पोर्ट उघडल्यावर चाचणी वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून करावी, कारण पुष्कळसे राउटर घरातूनच स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर जाऊ देत नाहीत आणि चालू सर्व्हरही बंद भासतो.

विजेचा हिशोब सोपा आहे: सतत ५० वॉट घेणारा संगणक महिन्याला ३६ युनिट खातो, जुना लॅपटॉप त्याच्या निम्म्याहून कमी. वीज जाते तेव्हा राउटर आणि फायबरचे यंत्रही यूपीएसवरच हवे, नाहीतर सर्व्हर चालू राहून उपयोग नाही. मे महिन्यात तो माळ्यावर ठेवू नये. आणि स्थानिक केबलवाल्याने गच्चीवरून तांब्याची लॅन केबल आणली असेल, तर मृगाच्या आधीच्या गडगडाटात ती राउटरमधून काढून ठेवावी. फायबरला ही काळजी नाही.