गल्लीतले काम पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात कसे बसवावे

पुणे महापालिका 2006-07 पासून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवत आली आहे. एका कामाला कमाल मर्यादा 5 लाख रुपयांची. एवढ्यात रस्ता होत नाही, पूल तर नाहीच. पण शाळेच्या फाटकासमोरचा साठ मीटर फुटपाथ, अंधाऱ्या वळणावरचे दिवे, रस्त्याच्या वर आलेली चेंबरची झाकणे, बसथांब्यापाशी बाके असली कामे होतात, आणि रोज पायी जाणाऱ्याला पुलापेक्षा त्यांचाच उपयोग जास्त.

दरवर्षी कितीतरी सूचना बाद होतात. 'आमच्या भागात वाहतूक कोंडी आहे, कृपया लक्ष द्यावे' ही तक्रार झाली. कनिष्ठ अभियंत्याला तिचे पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज) करता येत नाही, आणि पूर्वगणनपत्रक नाही तर रक्कम नाही. जागा, लांबी, रुंदी आणि वस्तू लिहिली की त्याच तक्रारीचे काम होते. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

1. रस्ता कोणाचा ते आधी पाहा

सूचना बाद होण्याचे एक मोठे कारण हे. सोसायटीच्या आतला रस्ता, किंवा बिल्डरने आखलेला पण महापालिकेकडे हस्तांतरित न झालेला रस्ता, यांवर महापालिकेला खर्च करता येत नाही. त्या रस्त्यावरून सगळे गाव जात असले तरी नाही. शंका असेल तर क्षेत्रीय कार्यालयातल्या स्थापत्य विभागात रस्त्याचे नाव सांगून विचारा. पुण्यात 15 क्षेत्रीय कार्यालये आहेत. आपले कोणते ते मिळकतकराच्या बिलावरून कळते.

रस्ता महापालिकेचा असला तरी सांभाळतो कोण, हा पुढचा प्रश्न. साधारणपणे 12 मीटरपेक्षा अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि त्याहून मोठे मुख्य पथ विभागाकडे असतात. मोठ्या रस्त्यावरचे काम सुचवले तर फाइल दोन खात्यांमध्ये फिरत राहते, म्हणून पहिल्या वर्षी तरी गल्लीतलेच काम घ्यावे.

काही गोष्टी मुळात या खिडकीच्या नाहीतच. एकेरी वाहतूक, नो पार्किंग, सम-विषम तारखेचे पार्किंग यांचे आदेश वाहतूक पोलीस काढतात. बसथांब्याच्या शेडला पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, संमती लागते. डीपी आणि फीडर पिलर (रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेट्या) महावितरणचे. ते हलवायचे तर खर्च आणि वेळ दोन्ही वेगळे. तुमच्या कामात यांपैकी काही आडवे येत असेल तर जागा दहा मीटर सरकवता येते का पाहा.

2. खाली काय पुरायचे आहे ते विचारा

नवा फुटपाथ आणि तीन महिन्यांत त्याच्यावर खोदाई, हे पुणेकरांना सांगायला नको. अर्ज करण्याआधी दोन प्रश्न विचारून घ्या. समान पाणीपुरवठा योजनेची जलवाहिनी या गल्लीत टाकून झाली आहे का? ड्रेनेजची लाइन बदलायचे ठरले आहे का? दोन्हींपैकी एकाचे उत्तर 'व्हायचे आहे' असेल तर पृष्ठभागाचे काम यंदा सुचवू नका, दिव्यांचे सुचवा.

3. टेप घेऊन मोजा

तीस मीटरचा टेप, खडू, वही आणि सोबत एक माणूस. सकाळी लवकर जावे, नाहीतर गाड्या लागलेल्या असतात आणि टेप जमिनीला टेकत नाही.

फुटपाथ मोजताना एकूण रुंदी मोजून थांबू नका. झाड, डीपी, दिव्याचा खांब, दुकानाची पायरी यांच्याशेजारी चालायला उरणारी रुंदी मोजा, आणि सर्वांत अरुंद ठिकाणचा आकडा लिहा. कागदावर दोन मीटरचा असलेला फुटपाथ डीपीपाशी साठ सेंटिमीटरचा होतो आणि माणूस तिथेच रस्त्यावर उतरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या पादचारी मार्गदर्शिकेनुसार (क्रमांक 103) निवासी भागात किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच जागा मोकळी हवी, आणि कडेच्या दगडाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. गल्लीत 1.8 मीटर मिळतच नसेल तर तसे सरळ लिहा, आणि उरलेल्या रुंदीत अडथळा कुठला काढता येईल ते सांगा.

सोसायट्यांच्या फाटकांसमोर किती ठिकाणी फुटपाथ तुटतो तेही मोजा. दर फाटकाशी खाली उतरणारा आणि पुन्हा चढणारा फुटपाथ ज्येष्ठ नागरिक वापरत नाहीत. फुटपाथ सलग सपाट ठेवून गाडीने चढून जावे, अशी रचना मागता येते. तेवढ्या भागात फरसबंदीचे ब्लॉक 80 मिलिमीटर जाडीचे हवेत. नुसत्या चालण्यासाठी 60 पुरतात. सगळीकडे 60 चे लावले की फाटकापाशी पहिल्याच पावसाळ्यात ब्लॉक दबतात. खालचा भराव नीट दाबला नसेल किंवा कडेला दगडांची पकड नसेल तर 80 चेही दबतात. जिथे फुटपाथ संपतो तिथे 1:12 उताराचा रॅम्प मागा: 15 सेंटिमीटर उंचीला 1.8 मीटर लांबी. टोकाला खांब लावून दुचाक्या थांबतील असे समजू नका. व्हीलचेअर जाईल एवढे अंतर ठेवले तर स्कूटरही जातेच.

गतिरोधकाचा मोह बहुतेकांना होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर लांब आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे गाडी अलगद चढून उतरते. गल्लीबोळांत दिसणारे हातभर रुंदीचे उंचवटे कंबर मोडतात आणि पावसाचे पाणी अडवतात. शाळेपाशी वेग कमी करायचा असेल तर फुटपाथच्या पातळीला उचललेला, माथ्याला सपाट असा ओलांडण्याचा पट्टा मागावा. त्याला वाहतूक पोलिसांचे मत आणि कडेने पाणी जायला वाट लागते. दोन्हींचा उल्लेख अर्जात आला की अभियंता तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

4. मजकूर असा लिहा

फॉर्म मागवण्याची वेळ साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरची. तारीख दरवर्षी जाहीर होते आणि मुदत छोटी असते, त्यामुळे मोजमाप जुलैतच उरकावे. कामाच्या रकान्यात चार ओळी पुरतात:

'प्रभाग क्र. __, गल्ली क्र. __ : मनपा शाळेच्या फाटकापासून दक्षिणेकडे औषधाच्या दुकानापर्यंत, पूर्व बाजू. लांबी 60 मी., सरासरी रुंदी 1.8 मी. (108 चौ. मी.). जुना उखडलेला फुटपाथ काढून ब्लॉक बसवणे, तीन फाटकांसमोर 80 मि.मी. ब्लॉक, दोन टोकांना 1:12 रॅम्प. रस्ता मनपाच्या ताब्यात. जलवाहिनीचे काम पूर्ण.'

दिशा आणि बाजू लिहायला विसरू नका. 'मंदिराजवळ' एवढ्याने भागत नाही. एका प्रभागात मंदिरे डझनभर असतात. सोबत तीन फोटो (दोन टोकांचे आणि सर्वांत अरुंद जागेचे) आणि हाताने काढलेला नकाशा जोडा. एका फॉर्मवर एकच काम. फुटपाथ, दिवे आणि कचरापेटी एकाच अर्जात घातली तर तीन खात्यांचा मामला होतो आणि कोणीच पुढे नेत नाही.

रक्कम स्वतः ठरवू नका. अभियंता दरसूचीप्रमाणे काढेल, त्यावर जीएसटीही धरेल. आकडा 5 लाखांच्या वर जातोय असे वाटले तर काम तोडून अर्धी लांबी यंदा मागा. शाळेच्या बाजूचा तुकडा आधी.

शंभर सह्यांपेक्षा ज्यांच्या दारासमोर काम होणार त्या पाच-सहा जणांच्या सह्या मोलाच्या. ठेकेदाराचे काम थांबवतात ते हेच लोक: पायरी जाते, गाडी लावायची जागा जाते. त्यांना आधी नकाशा दाखवा.

5. पोच घ्या आणि स्थळपाहणीला हजर राहा

अर्ज आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. ऑनलाइन भरला असेल तर क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी कनिष्ठ अभियंत्याला भेटून पाहणीची वेळ ठरवून घ्या. गल्लीतले कोणी सोबत नसेल तर पाहणी भलत्याच टोकाला होते किंवा टेबलावरच होते. छाननीनंतर सूचना प्रभाग समितीपुढे जातात आणि तिथे प्राधान्य ठरते. त्या आधी नगरसेवकांना भेटा. नगरसेवकाच्या निधीतून तेच काम होणार असेल तर तुमची सूचना कटते. त्याला हरकत नसावी, पण तसे लेखी मागावे.

6. मंजुरीनंतरचे वर्ष

आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीकडे आणि तिथून मुख्य सभेकडे जाते. छापील पुस्तकात तुमच्या कामाचे नाव शोधा. नाव दिसले तरी काम झाले असे समजू नका. 1 एप्रिलला वर्ष सुरू होते, पावसाळ्याआधी खोदाई बंद होते, म्हणजे हातात उरतात ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-मेमध्येच निविदा कधी निघणार ते विचारा.

खरा धोका वर्गीकरणाचा. न वापरलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा प्रस्ताव येतो आणि डिसेंबरनंतर असे प्रस्ताव वाढतात. नोव्हेंबरपर्यंत कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) निघाला नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: 10 रुपये शुल्क, एकच विषय, महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. कार्यादेशाची प्रत, पूर्वगणनपत्रक आणि या रकमेचे वर्गीकरण झाले का, एवढेच मागा. 'का झाले नाही' असे विचारू नका. माहिती अधिकारात कारणे मिळत नाहीत, कागद मिळतात.

काम सुरू झाले की पूर्वगणनपत्रकाची प्रत हातात ठेवून ब्लॉकची जाडी फूटपट्टीने मोजा. एकदा बसले की वरून 60 आणि 80 सारखेच दिसतात. फरक आढळला तर फोटोसह उपअभियंत्याला त्याच दिवशी लेखी कळवा, कारण मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन बिल निघाले की तो ब्लॉक उचलून कोणी दाखवत नाही. दोष-दायित्वाचा कालावधी किती ते निविदेत लिहिलेले असते. त्या मुदतीत ब्लॉक दबले तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, पण तक्रार लेखी आणि तारखेसह हवी.