पात्राची डायरी लिहिताय? या चुका टाळा

कथा लिहू पाहणाऱ्याला मी पहिलं काम हेच सांगतो: मुख्य पात्राच्या नावाने एक वही घाला आणि कथेला हात लावण्याआधी पात्र होऊन त्या वहीत लिहा. पात्र कळायला याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. म्हणूनच या वह्यांची माती झालेली पाहिली की जीव तुटतो. अंबाजोगाई असो, परभणी असो की नांदेड, नव्या लेखकांच्या वह्या उघडल्या की त्याच त्या चुका पुढे येतात.

आवडता रंग, आवडता पदार्थ, रास असले तक्ते भरून सुरुवात करू नका. त्याने वहीची पहिली पानं भरतात, बाकी काही होत नाही.

पात्राच्या हातात स्वतःचं पेन देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. बीडकडच्या एका मुलाने ऊसतोड करणाऱ्या बाईची डायरी लिहून आणली होती. पहिलंच वाक्य होतं, ‘पहाटेच्या धूसर उजेडात उसाच्या फडाकडे पाहताना मला माझ्या अस्तित्वाची निरर्थकता जाणवली.’ मी त्याला विचारलं, ही बाई पहाटे काय करते? त्याला सांगता येईना. त्याच्या गल्लीतली माणसं दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर कारखान्यावर जातात, पण त्याने कुणाला कधी विचारलं नव्हतं.

फडावरची बाई अंधारात उठते. चूल पेटवते, भाकरी थापते, लेकराचं आवरते. मग नवरा ऊस तोडतो आणि ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरते. नवराबायको मिळून एक कोयता, हिशोबही तसाच धरतात. रात्री कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, परतलेली ही बाई निरर्थकतेवर लिहायला बसणार नाही.

मग तिची वही करायचीच नाही का? करायची, पण ती काय टिपून ठेवेल ते आधी शोधायचं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. पडलेले खाडे, कारण खाड्याचे पैसे कापले जातात. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेली रक्कम. चौथी-पाचवीपर्यंत शिकलेली बाई एवढं कॅलेंडरच्या कडेला नक्की लिहील. मी त्या मुलाला म्हणालो, आता नुसता हिशोब लिहून आण. तो नाराज झाला. साहित्य शिकायला आलो आणि हा खाडे मोजायला लावतोय, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

पुढच्या खेपेला त्याने जे आणलं त्यात एक नोंद होती: ‘वाढ्याचे पैसे आले. ह्यांना सांगितलं नाही.’ बस्स, बाई सापडली. ती नवऱ्यापासून पैसे का लपवते, कुठे ठेवते, कशासाठी साठवते, हे विचारत गेलं की कथा आपोआप पुढे सरकते. धूसर उजेडाच्या चार पानांत हे एक वाक्य नव्हतं.

तेव्हापासून मी वही सुरू करण्याआधी विचारतो, पात्र कशावर लिहितं? पाठकोऱ्या कागदावर, लेकराच्या जुन्या वहीत, कॅलेंडरवर? लिहितावाचता येत नसेल तर गावाकडच्या बहिणीला पाठवलेले व्हॉइस मेसेज लिहा, जसे बोलले जातात तसे. ‘काय करायलीस गं?’ असं बोलणाऱ्या बाईला ‘तू काय करीत आहेस’ म्हणायला लावू नका. उलट टोकही नको. प्रत्येक वाक्यात ओढूनताणून ग्रामीण शब्द कोंबले की लेखकाची मेहनतच दिसते, माणूस दिसत नाही.

डायरीला उद्याचं माहीत असणं

दुसरी चूक हुशार मुलंमुली जास्त करतात. किल्लारीच्या भूकंपावर लिहिणाऱ्या एका मुलीने नायिकेच्या डायरीत २९ सप्टेंबर १९९३ ची नोंद लिहिली होती: आभाळ कसंतरीच दिसतंय, कुत्री रडतायत, मन सांगतंय की काहीतरी अघटित घडणार. वर्गात सगळ्यांना ते आवडलं. मला अजिबात पटलं नाही.

त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेली माणसं माळवदाच्या घरांत झोपली आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. हजारो माणसं गेली ती काही माहीत नसताना गेली. तुम्ही पात्राला आधीच कुणकुण लावलीत की त्या रात्रीचं खरं दुःखच पुसून टाकता.

पूर्वसूचना हवीच असेल तर ती इतिहासात आहे. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, किल्लारी भागाला धक्के बसले होते. तेव्हा नायिकेने घाबरून पानभर लिहिलं असेल. नंतर ‘परत हादरलं’ एवढंच. नंतर तेही नाही, कारण माणूस सवयीने भीती विसरतो. मग २९ तारखेच्या नोंदीत आरती, प्रसाद आणि धाकट्या भावाशी झालेलं भांडण येऊ दे. त्या मुलीने तसं लिहून वाचलं तेव्हा वर्ग गप्प झाला होता.

माझी सवय अशी की नोंद लिहून झाली की पुढच्या तारखेचं जे काही मला माहीत आहे त्याचा वास कुठे लागतो का ते शोधायचं आणि ते वाक्य काढायचं. वाक्य कितीही सुंदर असलं तरी.

बाकीच्या चुका, थोडक्यात

निजामाच्या काळातलं पात्र असेल तर काळाची भाषा शिकून घ्या. १९४८ च्या आधीचा आपल्याकडचा, म्हणजे मराठवाड्यातला, पटवारी कागदावर फसली सन, म्हणजे महसुलाचं वर्ष, घालेल आणि पैसे हालीत, म्हणजे निजामाच्या रुपयांत, मोजेल, सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार रुपये. एवढं न शोधता रझाकारांवर कादंबरी लिहायला बसणाऱ्यांची घाई मला कळत नाही.

पात्र डायरीत खरंच लिहितं असं धरून चालू नका. लातूरला क्लाससाठी खोली करून राहिलेला मुलगा, ज्याची वही आई सुट्टीत चाळते, तो ‘आज दहा तास अभ्यास’ असंच लिहिणार. ज्या दिवसाची नोंदच नाही त्या दिवशी तो कुठे होता, ते तुम्हाला माहीत हवं.

रोज लिहिलंच पाहिजे असं नाही. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याची वही कोरी राहते आणि तसंच असायला हवं.

वहीतली पानं उचलून कथेत चिकटवू नका. ती वही तुमच्यासाठी आहे, वाचकासाठी नाही.

आणि मोबाईलला सांगून पात्राची डायरी तयार करून घेऊ नका. दोन मिनिटांत वीस नोंदी मिळतील, सगळ्या नीटनेटक्या. पण पात्र तुम्हाला कळतं ते शब्द सापडत नसताना, पेन थांबलेलं असताना. तेवढा वेळ बसायची तयारी नसेल तर कथा लिहायची घाई तरी कशाला?

राहिला प्रश्न वही अडण्याचा. दोन-चार नोंदींनंतर पात्र गप्प बसतं, हे सगळ्यांचं होतं. लगेच नवं पात्र घेऊ नका. मी तेव्हा पात्राला स्वतःविषयी लिहूच देत नाही. जावेविषयी, सावकाराविषयी, शेजारच्या बांधावरच्या भावकीविषयी लिहायला लावतो. स्वतःबद्दल दोन ओळी न लिहिणारी बाई जावेबद्दल तीन पानं लिहिते, आणि त्या तीन पानांत ती स्वतः पूर्ण सापडते.