रोबोटवर पित्ताशयाची केस लागली की

रोबोटने पित्ताशय काढायच्या ऑपरेशनची तयारी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नाही, वॉर्डात सुरू होते. यादी हातात आली की आधी सर्जनना विचार, आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन) किती वाजता द्यायचं, आणि लगेच वॉर्डच्या सिस्टरना फोन लाव. हा हिरवा रंग शिरेतून देतात. तो यकृतात जातो आणि पित्ताबरोबर नलिकेत उतरतो. मग इन्फ्रारेड प्रकाश लावला की पडद्यावर पित्तनलिका हिरवी चमकते आणि काय कापायचं नाही ते सर्जनना आधीच दिसतं.

पण उतरायला वेळ लागतो. सुरुवातीच्या एका केसला मी तो भूल देतानाच दिला. पडद्यावर अख्खं यकृत हिरवंगार झालं आणि शेजारची नलिका त्या उजेडात हरवली. सरांनी नेहमीच्या प्रकाशात, एकेक थर सोडवत केस पूर्ण केली. पेशंट बरा झाला, पण ती हिरवी चमक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून निदान पाऊण तास आधी, हे मी धरूनच चालते.

25 मिग्रॅची बाटली असते. 10 मिली स्टराइल वॉटरमध्येच विरघळव, सलाइनमध्ये नाही. म्हणजे 1 मिलीत 2.5 मिग्रॅ झालं. बाटलीवर वेळ लिही. सहा तासांनंतर ते टाकून द्यायचं. आणि देण्याआधी आयोडीनच्या ॲलर्जीबद्दल स्वतः विचार, फाइलवर विसंबू नकोस.

आमच्याकडे दा विंची एक्सआय हा रोबोट आहे. त्याच्या चारही हातांना ड्रेप, म्हणजे निर्जंतुक आवरण, पेशंट आत यायच्या आधी घालून घे. पोर्ट, म्हणजे पोटात घालायच्या नळ्या, 8 मिमीचे. त्यांवर काळे पट्टे असतात. मधला जाड पट्टा पोटाच्या भिंतीतच बसला पाहिजे, कारण रोबोटचा हात त्याच बिंदूभोवती फिरतो. पट्टा वर-खाली राहिला तर सगळा ताण पोटाच्या भिंतीवर येतो.

डोक्याकडची बाजू वर, उजवी कूस वर, हे डॉकिंगच्या, म्हणजे रोबोटचे हात पोर्टला जोडायच्या, आधीच. डॉक झाल्यावर टेबल हलवायचं नाही. मी भूलतज्ज्ञांना तसं मोठ्याने सांगते.

सर्जन कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रावर, डोकं घालून बसलेले असतात. त्यांना पोटाच्या आतलं उत्तम दिसतं, बाहेरचं काहीच नाही. रोबोटचा हात पेशंटच्या कोपराला किंवा चेहऱ्याला टेकतोय का, हे तुलाच बघायचंय. शंका आली की "सर, थांबा" म्हण. कोणी रागावणार नाही.

ओपनचा सेट, म्हणजे पोट उघडून ऑपरेशन करायची हत्यारं, खोलीतच हवा. वीज गेली किंवा रक्तस्राव झाला तर क्रम पाठ असू दे: इन्स्ट्रुमेंटचे जबडे उघडून ती बाहेर, मग कॅमेरा, मग हात पोर्टवरून सोडवायचे, मग रोबोटची गाडी मागे. जबडे अडकले तर हाताने उघडायची एक छोटी चावी असते. ती जागेवर आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पेशंट आत घेऊ देत नाही.