सिंगापूरहून क्रूझ धरायची? मग तारखा उलट्या मोजा

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटणारी क्रूझ आणि सिंगापूरहून सुटणारी क्रूझ यांत फरक तो काय, आधी थोडं विमानात बसायचं, असं आमच्या घरी सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. नौपाड्यातून आम्ही चौघं आणि नेरुळहून नणंद आणि तिचे यजमान, असे सहा जण होतो. जहाजावर पाय ठेवल्यावर कसलीच कटकट झाली नाही. जी झाली ती सगळी सांध्यांवर: घर ते विमानतळ, विमानतळ ते बंदर, जहाज ते परत सिंगापूर. तेव्हा क्रूझ कंपनीच्या रंगीत पानांवर फार वेळ घालवू नका. सांधे आधी बघा.

आधी जहाजाचं वेळापत्रक, मग विमान

बहुतेक लोक स्वस्त विमान दिसलं की ते घेतात आणि मग क्रूझ शोधतात. हे उलटं करा. तीन-चार रात्रींच्या फेऱ्या सहसा पेनांग, पोर्ट क्लांग, लंगकावी किंवा फुकेतला जाऊन सिंगापूरला परततात. काही जहाजं कुठेच न थांबता नुसती समुद्रात फिरवून आणतात. मुलांना तेही आवडतं, पण सासूबाईंसारख्या माणसांना ‘गाव कुठलं बघितलं?’ याचं उत्तर लागतं. पेनांगला जहाज थेट जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागतं, २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेली जुनी वस्ती तिथून चालत बघता येते. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर मात्र तासाभराहून जास्त लांब आहे. जाण्यायेण्यातच दिवस जातो, मी तर तिथे जहाजावरच बसेन. फुकेतचा किनारा मे ते ऑक्टोबर पावसाचा आणि खवळलेल्या समुद्राचा. तिथे काही जहाजं लांब नांगर टाकून छोट्या बोटींनी उतरवतात, आणि लाटा मोठ्या असल्या की उतरणं रद्द होतं. फुकेत हवंच असेल तर मे महिन्याच्या सुट्टीपेक्षा नाताळची सुट्टी बरी.

फेरी ठरली की मागे मोजत या. समजा जहाज रविवारी संध्याकाळी पाचला सुटतं. चेक-इन त्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं, म्हणजे साडेतीनची रेघ पक्की. मुंबईहून मध्यरात्रीच्या सुमाराला निघणारं विमान पाच-साडेपाच तासांत, तिथल्या घड्याळाने सकाळी पोहोचतं (सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे). ‘रविवारी सकाळी उतरू, दुपारी जहाजात’ हा हिशेब कागदावर जमतो, पण विमान चार तास लटकलं तर जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरावर स्वखर्चाने गाठायची वेळ येते. एका रात्रीचं हॉटेल त्यापेक्षा स्वस्त. शनिवारी सकाळी उतरा, म्हणजेच शुक्रवारी रात्री घर सोडा.

आणि शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे काय हे ठाणेकरांना सांगायला नको. पूर्व द्रुतगती मार्ग आणि पुढे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, दोन्ही ठिकाणी भरपूर फुरसत काढून ठेवा. नेरुळकर वाशीचा खाडीपूल ओलांडून चेंबूरमार्गे आले, तेही घामाघूम. तिकिटावर विमानतळ कोणता आहे हेही डोळे उघडून वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे. एनएमआय म्हणजे तो, बीओएम म्हणजे सहारचा. दिल्ली किंवा चेन्नईमार्गे जोडविमान घेतलं तर जाताना एक आणि येताना दुसरा असंही होऊ शकतं.

व्हिसा: एक शब्द तपासा

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत निघतो. जायच्या साधारण महिनाभर आधी अर्ज करा. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, ३५ बाय ४५ मिलीमीटर. हातात आलेल्या व्हिसावर ‘मल्टिपल’ हा शब्द आहे का ते प्रत्येकाच्या कागदावर बघा. जहाज पेनांगला जाऊन परत येतं तेव्हा तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा शिरता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर चढतानाच अडवतील. पासपोर्ट प्रवासानंतर किमान सहा महिने चालणारा हवा. आमच्या धाकट्याचा पाच महिन्यांत संपत होता, म्हणून सगळ्यांत आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्राची फेरी झाली. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हे आपण दर वेळी विसरतो. वाटेतल्या देशांचे व्हिसा आणि त्यांची ऑनलाइन कार्डं यांचे नियम बदलत असतात. त्यासाठी क्रूझ कंपनीची त्या फेरीसाठीची सूचना वाचा, ओळखीतल्या कुणी दोन वर्षांपूर्वी काय केलं ते विचारू नका.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड (देशात शिरण्यापूर्वी ऑनलाइन भरायचा फॉर्म) मात्र दोनदा भरायचं, विमानाने जाताना आणि जहाजाने परतताना, आणि इथेच एक गंमत आहे. ते पोहोचायच्या दिवसासह तीन दिवसांच्या आतच भरता येतं. रविवारी निघून बुधवारी परतणार असाल तर सोमवार, मंगळवार आणि बुधवार एवढेच दिवस मिळतात. म्हणजे चढण्यापूर्वी भरून मोकळं होता येत नाही. आम्ही पेनांगच्या एका कॉफीच्या दुकानात बसून सहाही जणांची कार्डं भरली, कारण जहाजावरचं इंटरनेट वेगळ्या पैशांचं. कार्ड फुकट आहे. पैसे मागणारं पान समोर आलं तर ते सरकारी नाही, बंद करा.

किंमत वाचायची कशी

जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो आणि खोलीत दोघं धरलेले असतात. त्यावर बंदराचे कर आणि टिपा. टिप माणशी दर रात्री लागते. आम्ही सहा जण, तीन रात्री, म्हणजे अठरा टिपा! घरी बसून हा गुणाकार करा, जहाजावर केला की चेहरा पडतो. पॅकेज एजंटाकडून घेतलं तर टीसीएस (किमतीवर वरून घेतला जाणारा आगाऊ कर) लागतो, तो आयकर रिटर्नमध्ये जमा धरता येतो. पावती जपून ठेवा.

तीन रात्रींसाठी बाल्कनीची खोली घेऊ नका, असं माझं मत. खोलीत थांबतं कोण? आतली बिनखिडकीची खोली पुरते, फक्त तिथे सकाळ झाली हे कळत नाही, गजर लावा. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर लिफ्टजवळची आणि जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची खोली मागा. तिथे हलणंही कमी जाणवतं. मलाक्काची सामुद्रधुनी तशी शांत असते, तरी गाडी लागणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवावी. गरोदर असाल तर आधी विचारा, २४ आठवड्यांपुढे बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. विम्यात क्रूझ आणि समुद्रावरून दवाखान्यात हलवण्याचा खर्च धरलाय ना, तेही बघा. शाकाहारी आणि जैन जेवण बुकिंग करतानाच लिहून द्या.

बॅग भरताना

सासूबाईंनी डब्यात अनारसे भरले होते, वर छान खसखस.

“आई, हे नाही नेता येणार. सिंगापूरमध्ये खसखशीला मनाई आहे.”

“अगं, खसखस म्हणजे काय अफू आहे का?”

“अफूच्याच बोंडातली असते ती.”

डबा शेजारच्या काकूंकडे गेला. तिथे खाण्याचा तंबाखू, गुटखा, च्युइंगगम आणि ई-सिगारेटही चालत नाही. यजमानांच्या खिशातली पुडी निघण्याआधी ठाण्यातच काढा. जहाजावर घरी केलेलं खाणं, इस्त्री आणि पाणी तापवायची किटली काढून घेतात. चकलीचं बंद पाकीट सहसा चालतं.

कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवी कार्डं बाहेरच्या व्यवहारांसाठी बंदच येतात. जहाजावर रोख चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं आणि शेवटी तुमच्या बँक कार्डातून वळतं होतं.

बंदरावर पोहोचणं

आमची फजिती इथली. टॅक्सीत बसून मी फक्त ‘क्रूझ सेंटर’ म्हटलं. ड्रायव्हरकाकांनी इमानेइतबारे हार्बरफ्रंटला नेऊन सोडलं, कारण तिथल्या टर्मिनलचं नावच ‘सिंगापूर क्रूझ सेंटर’ आहे. आमचं जहाज होतं ‘मरीना बे क्रूझ सेंटर’ला. सहा माणसं, नऊ बॅगा, पुन्हा दोन टॅक्स्या. टर्मिनलचं पूर्ण नाव तिकिटावरून कागदावर उतरवा आणि कागद ड्रायव्हरच्या हातात द्या.

आदल्या रात्री लिटल इंडिया किंवा फेरर पार्कला राहिलात तर जेवणाची सोय होते आणि मेट्रोही सोपी पडते. तिथून नॉर्थ ईस्ट लाइन थेट हार्बरफ्रंटला जाते. मरीना बेसाठी धोबी घाटला उतरून (हो, स्टेशनचं नाव खरंच हे आहे, सासूबाईंनी तिथे फोटो काढून घेतला) नॉर्थ साउथ लाइन धरा आणि शेवटच्या मरीना साउथ पिअर स्टेशनला उतरा.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा दारातच घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत खोलीपाशी येतात. औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. पासपोर्ट काही वेळा जहाज स्वतःकडे ठेवतं, म्हणून झेरॉक्स वेगळी. जहाज सुटताना आणीबाणीची कवायत सक्तीची असते, ती चुकवता येत नाही.

फोन विमान मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं उपग्रह नेटवर्क लागतं, ते तुमच्या सिंगापूरच्या रोमिंग पॅकमध्ये नसतं आणि बिल बघून घेरी येते. शिवाय फुकेतला उतरलात की फोन आपोआप एक तास मागे जातो. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते, तेव्हा हातात साधं घड्याळ बांधा.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्रीच खोलीबाहेर ठेवाव्या लागतात, त्या सकाळी टर्मिनलवर मिळतात. उतरणं, इमिग्रेशन आणि बॅगा यांत सकाळ जाते. त्यामुळे परतीचं विमान संध्याकाळनंतरचंच घ्या. उरलेली दुपार चांगीच्या ज्युएलमध्ये, ४० मीटर उंचीच्या धबधब्यासमोर बसून मजेत जाते. बॅग बाहेर ठेवण्यापूर्वी सकाळचे कपडे मात्र काढून ठेवा. नणंदेच्या यजमानांनी सगळं नीट घडी घालून भरलं, कुलूप लावलं आणि बॅग दाराबाहेर सरकवली. सकाळी सिंगापूरच्या इमिग्रेशनच्या रांगेत ते चौकटीच्या लेंग्यात उभे होते.