भूकंप, ज्वालामुखी आणि पर्वत : भूपट्टांचा नकाशा हाताने कसा तयार करावा आणि कसा वाचावा

भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीचे बाह्य कवच ज्या मोठ्या सरकत्या तुकड्यांत विभागले आहे त्यांचा, धडा शाळेत बहुधा तयार आकृतीवरून शिकवला जातो. त्या आकृतीत भूपट्टांच्या सीमा आधीच आखलेल्या असतात, त्यामुळे त्या नेमक्या तिथेच का आहेत, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतच नाही. भूकंप, ज्वालामुखी आणि पर्वत यांच्या जागा आपण स्वतः एकाच नकाशावर मांडल्या, तर या सीमा आपोआप उमटत जातात आणि तिघांचे नाते पाठांतराशिवाय ध्यानात येते. आठवी-नववीच्या पुढच्या कोणालाही सुट्टीच्या एका दिवसात जमेल असे हे काम आहे.

साहित्य साधेच लागते. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत जगाचा कोरा नकाशा मिळतो. शक्यतो पॅसिफिक महासागर मध्यभागी असलेला नकाशा मागावा, कारण नेहमीच्या नकाशात हा महासागर दोन कडांना विभागला जातो आणि सर्वांत महत्त्वाचा पट्टाच तुटक दिसतो. सोबत ट्रेसिंग पेपरचे दोन ताव आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात. भूकंपांच्या नोंदी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात, तर भारतातील नोंदींसाठी राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचे संकेतस्थळ आहे. प्रत्येक नोंदीत अक्षांश, रेखांश, तीव्रता आणि खोली दिलेली असते.

सुरुवात भूकंपांपासूनच करावी, असा माझा आग्रह आहे. ज्वालामुखी डोळ्यांत भरतात खरे, पण भूपट्टांची कड सर्वांत स्पष्टपणे दाखवतात ते भूकंपच. गेल्या एका वर्षातील ६ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप निवडावेत. ते साधारण शंभर-दीडशे भरतात, म्हणजे हाताने मांडण्याजोगे असतात. ७० किलोमीटरपर्यंत खोली असेल तर लाल ठिपका द्यावा, ७० ते ३०० किलोमीटरसाठी हिरवा आणि त्याहून खोल असेल तर निळा. खोलीची ही नोंद कंटाळा करून गाळू नये, कारण पुढचे सगळे वाचन तिच्यावरच अवलंबून आहे.

ठिपके पूर्ण होत आले की ते जगभर विखुरलेले नसून अरुंद पट्ट्यांत ओळीने बसलेले दिसतात, आणि खंडांचे अंतर्भाग बहुतांशी कोरे राहतात. हे पट्टे म्हणजेच भूपट्टांच्या सीमा होत. भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकत असतात, पण त्यांच्या कडा घर्षणामुळे एकमेकींत अडकून राहतात. तिथे ताण वर्षानुवर्षे साठत जातो आणि खडकाची सहनशक्ती संपली की कड एकदम सरकते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळाखाली अशीच कड सुमारे १,३०० किलोमीटर लांबीत सरकली आणि त्यातून उठलेली त्सुनामी तमिळनाडू आणि अंदमान-निकोबारपर्यंत पोहोचली.

आता नजर जपानवर आणावी आणि इथे जरा वेळ द्यावा. जपानच्या पूर्वेला समुद्रतळावरील लांब, खोल दरीजवळ, म्हणजे गर्तेजवळ, ठिपके लाल असतात, पश्चिमेकडे सरकत गेल्यावर हिरवे होतात आणि आशियाच्या मुख्य भूमीच्या बाजूला निळे होतात. एका वर्षाच्या नोंदींत हे पुरेसे दिसले नाही, तर केवळ या भागासाठी दहा वर्षांच्या नोंदी घ्याव्यात. पॅसिफिक भूपट्ट जपानखाली तिरका बुडत चालला आहे आणि ठिपक्यांची वाढत जाणारी खोली ही त्याच्या उतरणीचीच खूण आहे.

यानंतर ट्रेसिंग पेपरच्या एका तावावर जागृत ज्वालामुखी मांडावेत : जपानचा फुजी, इंडोनेशियाचा क्राकाताउ, इक्वेडोरचा कोटोपाक्सी, इटलीचा एटना, आइसलँडचा हेक्ला, हवाईचा किलाउएआ आणि आपल्या अंदमान समुद्रातील बॅरन बेट. हा ताव नकाशावर ठेवला की, हेक्ला आणि किलाउएआ हे अपवाद सोडल्यास, ज्वालामुखींची ओळ गर्तेवर न पडता तिच्यापासून काही अंतरावर, भूखंडाच्या किंवा बेटांच्या बाजूला पडते. जिथे बुडणारा भूपट्ट साधारण १०० किलोमीटर खोलीवर पोहोचतो, तिथेच वर ज्वालामुखी उभे राहतात. भूपट्ट घासून वितळतो आणि शिलारस तयार होतो, असे अनेक वह्यांत लिहिलेले आढळते, पण मुख्य कारण ते नाही. समुद्रतळावरून खाली गेलेल्या खडकांतील पाणी त्या खोलीवर बाहेर पडते, वरच्या प्रावरणात (भूकवचाखालच्या खडकांच्या जाड थरात) शिरते आणि तेथील खडकाचा वितळणबिंदू खाली आणते. बॅरन बेटाचा ज्वालामुखीही याच प्रकारचा आहे.

आइसलँडमध्ये कारण वेगळे आहे. तिथे दोन भूपट्ट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटरने दूर जातात, खालचे तप्त प्रावरण वर येते आणि त्यावरचा दाब घटल्यामुळे वितळते. प्रेशर कुकरमध्ये दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही, पण दाब सोडताच उसळते, तसाच हा प्रकार आहे. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे खडकातील प्रचंड भेगेवर, भूपट्ट एकमेकांना घासत आडवे सरकतात, म्हणून तिथे १९०६ मधील सॅन फ्रान्सिस्कोसारखे मोठे भूकंप होतात, पण त्या सरकण्यातून ज्वालामुखी उद्भवत नाहीत. हवाईचा किलाउएआ मात्र कोणत्याच सीमेवर बसत नाही. त्याच्याभोवती वर्तुळ काढून ठेवावे, त्याचा संबंध पुढे पुण्याशी लागणार आहे.

दुसऱ्या तावावर पर्वतरांगा काढाव्यात. अँडीजवर भूकंपही येतात आणि ज्वालामुखीही, कारण तिथे सागरी भूपट्ट खंडाखाली बुडतो आहे. हिमालयावर भूकंपांचे ठिपके भरपूर आहेत, पण ज्वालामुखींची ओळ नाही. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्टावरचे भूखंड युरेशियाला भिडले. दोन्ही बाजूंचे भूकवच जाड आणि हलके असल्यामुळे ते सागरी भूपट्टासारखे प्रावरणात खोल बुडत नाही, तर दुमडते, एकावर एक रचले जाते आणि उंच होते. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रात तयार झालेला आहे. त्याचा पुरावा आपल्यातील अनेकांच्या देवघरातही असतो : नेपाळमधील गंडकीच्या पात्रात मिळणारा शाळिग्राम हा भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी असलेल्या टेथिस समुद्रात राहणाऱ्या अ‍ॅमोनाइट या प्राण्याचा जीवाश्म होय. दुभंगलेल्या शाळिग्रामातील चक्राकार वळ्या भिंगाखाली पाहिल्या, तर शंखाचे लहान लहान कप्पे ओळखता येतात.

नकाशा वाचून झाला की पुण्यातील वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीकडे जावे. खाणीच्या उभ्या कातळात बेसाल्टचे, म्हणजे गोठलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे, थर जवळजवळ आडवे दिसतात, आणि हिमालयासारख्या घड्या कुठेच नाहीत. थरांच्या पोकळ्यांत पांढऱ्या गारगोट्या असतात. लाव्हातील वायूंचे बुडबुडे गोठून राहिले आणि नंतर पाझरलेल्या पाण्यातून त्यांत खनिजे साचली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळेशार कॅव्हनसाइट हे खनिज याच पोकळ्यांतले. हे खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे असून ते लांबलचक भेगांतून पसरलेल्या लाव्हाचे आहेत. त्या काळी भारतीय भूपट्ट आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थळावरून, म्हणजे खोलातून तप्त पदार्थ वर येणाऱ्या जागेवरून, जात होता, असे मानले जाते. हवाईभोवतीचे वर्तुळ इथे उपयोगी पडते, कारण दोन्हीकडचा लाव्हा सीमेवरून नव्हे, तर भूपट्टाच्या अंतर्भागातून आलेला आहे. पर्वती किंवा वेताळ टेकडी हे विझलेले ज्वालामुखी नव्हेत, थर झिजून उरलेले ते भाग आहेत. सह्याद्रीही दोन खंडांच्या टकरीतून उभा राहिलेला नाही, तर पश्चिमेची कड तुटून आणि झिजून उरलेला तो पठाराचा कठडा आहे.

शेवटी महाराष्ट्राचे दोन ठिपके मांडावेत : ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. दोन्हींची तीव्रता ६ च्या वर होती आणि दोन्ही सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर झाले. गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यामुळे ‘सीमेपासून दूर म्हणजे सुरक्षित’ असे या नकाशावरून कोणीही समजू नये. हिमालयाशी होणाऱ्या टकरीचा दाब संपूर्ण भूपट्टात पोहोचतो आणि बेसाल्टखालच्या जुन्या, दुर्बल भ्रंशांवर मोकळा होतो. कोयनेत धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाच्या पाण्याने त्यात भर घातली, कारण भेगांत झिरपलेले पाणी भ्रंशाच्या दोन बाजूंमधली पकड ढिली करते. तेथील भूकंप साधारण १० किलोमीटरच्या आतच उगम पावतात आणि किल्लारीचाही उथळच होता, म्हणून हे दोन्ही ठिपके लाल रंगानेच द्यावेत आणि पुढे कोयना परिसरातून धक्क्याची बातमी आली की जलाशयाची त्या वेळची पाणीपातळीही त्याच्या शेजारी लिहून ठेवावी.