कुत्र्याला जंत झालेत का? आधी शी बघा, मग वजन करा, मग गोळी

मागच्या पावसाळ्यात आमच्या पार्किंगमधून एक काळं पिल्लू घरी आलं, आम्ही आणलं नाही, ते आपलं आपणच आलं. दीडेक महिन्याचं असेल. पोट हे असं टम्म, आणि आई म्हणाली बघ किती गुटगुटीत आहे, कुणीतरी नीट खाऊ घालतंय. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी अंगावरून हात फिरवला तर बरगड्या मोजता येत होत्या, पाठीचे मणके टोचत होते, म्हणजे पोट तेवढं नगारा आणि बाकी नुसता सांगाडा. तिसऱ्या दिवशी त्याने ओकारी काढली, त्यात शिजलेल्या शेवयांसारखं काहीतरी होतं, आणि मी वाकून बघतोय तर त्यातली एक शेवई हळूच वळली. त्या दिवसापासून आमच्याकडे शेवयांची खीर झालेली नाही.

तर हे गोलकृमी. पिल्लांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारे. पांढरट, गोल, बोटभर लांब, कधी त्याहून मोठे. लोक विचारतात एवढ्याशा पिल्लाला जंत आले कुठून, बाहेर गेलंच नाही ते. अहो, आईच्या पोटातूनच येतात. कुत्रीच्या अंगात या कृमींच्या अळ्या झोपून असतात, ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत त्या जाग्या होऊन पिल्लात शिरतात, आणि उरलेल्या दुधातून. म्हणून पिल्लू ब्रीडरचं असो की गल्लीतलं, जंत आहेत असंच धरून चालायचं. आणि आपल्याकडे ते 'गोड खाल्लं की जंत होतात' म्हणतात ना, ते माणसाच्या पोराच्या बाबतीतही खरं नाही आणि कुत्र्याच्या तर नाहीच नाही.

आता ओळखायचं कसं. शी बघायची, दुसरा इलाज नाही. ताजी बघा, कारण बाहेर पडून राहिलेल्या शीत माशांच्या अळ्या होतात आणि लोक त्यांनाच जंत समजून घाबरतात. शेवयांसारखे असतील तर गोलकृमी. शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्यासारखं किंवा काकडीच्या बीसारखं काही चिकटलेलं दिसलं, ताजं असताना किंचित हलतं, वाळलं की पिवळट कडक होतं, तर ती पटकृमी, म्हणजे चपटी कृमी, आणि ते तिचे तुटलेले तुकडे. ही पिसवांमुळे होते. अंगावर पिसू चावते, कुत्रा दाताने खाजवता खाजवता ती गिळतो, पिसवेच्या पोटातली अळी याच्या पोटात. म्हणून पिसवा तशाच ठेवून नुसती गोळी दिली तर महिन्याभरात परत ते दाणे हजर, आणि मग आपण म्हणतो गोळीच बोगस होती.

पण जे सगळ्यात वाईट ते दिसतच नाहीत. अंकुशकृमी, एक-दोन सेंटीमीटरचे, आतड्याला दात लावून रक्त पितात. शीत क्वचितच दिसतात. शी काळी, डांबरासारखी चिकट होते, कुत्रा मलूल होतो. ओठ वर करून हिरड्या बघायच्या, गुलाबी पाहिजेत. आमच्या काळ्याच्या हिरड्याच काळ्या, तिथे काय कळणार, तर डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी खाली ओढून आतला रंग दाखवला, तो फिका गुलाबी होता, पांढरा असता तर परिस्थिती वेगळी होती म्हणाले. लहान पिल्लाची हिरडी पांढरीफट्ट दिसली तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना, रक्त द्यावं लागू शकतं. तसंच पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे घाण वासाचे जुलाब सुरू झाले तर जंत असतील म्हणून गोळी देऊन वाट बघू नका, तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार, असू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात.

अजून एक. कुत्रा ढुंगण जमिनीवर घासत फिरला की अख्खी सोसायटी सांगते जंत झालेत. बऱ्याचदा नसतात, तिथल्या ग्रंथी भरलेल्या असतात, त्या रिकाम्या कराव्या लागतात. आणि उलट बाजूने, मोठ्या कुत्र्याला जंत असूनही तो मस्त खातो, पळतो, काहीच दिसत नाही. म्हणून वर्षातून एक-दोनदा शी तपासून घ्यावी. सकाळची ताजी, सुपारीएवढी, झाकणाच्या छोट्या डबीत घालून त्याच दिवशी न्यायची, ते मायक्रोस्कोपखाली अंडी बघतात. मात्र पटकृमी या तपासणीत बरेचदा सुटते, तेव्हा तांदळाचे दाणे दिसले असतील तर तसं तोंडी सांगा, फोटो काढला असेल तर अजून बरं.

आता औषध, आणि इथेच मी माती खाल्ली होती. मेडिकलमधून सिरप आणलं, बाटलीवर वजनाप्रमाणे डोस लिहिलेला, मी अंदाजाने तीन किलो धरलं. मग डोकं ठिकाणावर आलं आणि त्याला पिशवीत घालून खालच्या किराणा दुकानात नेलं, काकांनी साखरेची गोणी बाजूला करून काट्यावर ठेवलं, भरलं २ किलो १०० ग्रॅम. म्हणजे मी जवळपास दीडपट औषध देणार होतो. तर आधी वजन. मोठा कुत्रा असेल तर त्याला उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहा, मग एकटे राहा, वजा करा. मोठ्यांच्या नेहमीच्या मिश्र गोळ्या बहुतेक १० किलोला एक अशा असतात, तरी पाकिटावरचं वाचा, सगळ्या सारख्या नसतात. पायरँटेल गोल आणि अंकुशकृमींवर चालतं, पटकृमीला त्याचा काही उपयोग नाही, तिला प्राझिक्वांटेल लागतं, आणि फेनबेन्डाझोल सहसा सलग तीन दिवस द्यावं लागतं, एक दिवस देऊन थांबलात तर अर्धवट काम. कुठलं द्यायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या, पोट फारच फुगलेलं असेल तर विशेष, कारण खूप कृमी एकदम मेल्या तर आतडं तुंबू शकतं.

घरातली माणसांची अल्बेन्डाझोलची गोळी मोडून देऊ नका. लसूण तर अजिबात नाही, कुत्र्याच्या रक्ताला ती विषारी आहे. आई वावडिंग उगाळायला निघाली होती, तिला थांबवलं. आणि गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुणी सर्रास टोचत असेल तर कॉली जातीच्या कुत्र्यांना ते जिवावर बेतू शकतं, हे लक्षात असू द्या.

गोळी दिल्यावर एक-दोन दिवस शीत जंत पडतात, कधी जिवंत, घाबरायचं नाही, त्यासाठीच दिली होती. शी जरा पातळ होईल. आणि आता जे लोक हमखास विसरतात ते, दुसरा डोस. गोळी मारते ती आतड्यातल्या कृमींना. त्याच वेळी लहान अळ्या लिव्हर, फुफ्फुस असा प्रवास करत असतात, तिथून घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात पोचतात, तोवर गोळीचा अंमल संपलेला. म्हणून पिल्लाला १५ दिवसांचं झाल्यापासून दर १५ दिवसांनी, साधारण दोन महिन्यांचं होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. पिल्लांची आई घरात असेल तर तिलाही त्यांच्यासोबत द्या. आमच्या काळ्याचं पोट पहिल्या डोसने उतरलं, मी खूश, दुसरा टाळणार होतो, डॉक्टरांनी फोन करून बोलावलं आणि त्या डोसनंतर परत सात-आठ शेवया.

गोळी खाऊ घालणं हा वेगळाच खेळ. काळ्या आता ११ किलोचा आहे आणि चिकनच्या तुकड्यातून गोळी वेगळी काढून फरशीवर स्वच्छ ठेवतो. उपाय असा की तीन तुकडे घ्या, पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात जाताना तिसरा नाकासमोर धरा, घाईत गिळतो.

शी रोज उचला. गोलकृमीची अंडी पडल्या पडल्या लागण करत नाहीत, मातीत त्यांना दोन-चार आठवडे लागतात, तेवढ्यात उचलली तर चक्र तुटतं, नाहीतर मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. लहान मुलं त्याच मातीत खेळून हात तोंडात घालतात, आणि अळी डोळ्यात गेली तर नजरेवर येतं. पावसाळ्यात ओल्या मातीत, किंवा कोकणात-गोव्यात किनाऱ्यावर जिथे भटकी कुत्री बसतात त्या वाळूत, अनवाणी बसाल तर अंकुशकृमीच्या अळ्या आपल्या कातडीतही शिरतात, नागमोडी खाजरी रेघ उमटते. आणि मटणवाल्याकडून कुत्र्यासाठी फुफ्फुस, काळीज, वजडी आणत असाल तर नीट शिजवूनच घाला. कच्च्यातून एक इवलीशी पटकृमी कुत्र्यात येते, कुत्र्याला काहीही होत नाही, पण तिची अंडी माणसाच्या पोटात गेली तर लिव्हरमध्ये पाण्याच्या मोठ्या गाठी होतात आणि ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

तारखा मी कॅलेंडरवर लिहितो, दर तीन महिन्यांनी एका चौकोनात 'गोळी'. आई पण त्याच कॅलेंडरवर तिच्या बीपीच्या गोळ्या कधी संपतात ते लिहिते, त्यामुळे मागच्या वेळी मेडिकलवाल्याने फोनवर विचारलं, वजन किती आहे पेशंटचं, तर आई म्हणाली बासष्ट, आणि तो सहा गोळ्या पाठवायला निघाला होता.