स्कोअर सगळ्यांना माहीत असतो: कॅनडातल्या विद्यापीठ क्रीडावार्तांकनात या चुका टाळा

ऑक्टोबरातला शनिवार, ओंटारिओतलं एक विद्यापीठ, फुटबॉलचा (म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा, अमेरिकन धाटणीचा) सामना. मैदानावर दोन-तीन हजार पोरं घसा फोडून ओरडतायत, आणि वरच्या प्रेस बॉक्समध्ये आकडेवारी टिपणारी दोन मुलं, कॅम्पस रेडिओचा एक समालोचक आणि मी. मोठ्या वर्तमानपत्रांतलं कुणीही नाही. पहिल्या वर्षी मला याचा आनंद झाला होता: वा, स्पर्धाच नाही! दुसऱ्या वर्षी पोटात गोळा आला. कारण या सामन्याबद्दल मी जे लिहीन तेच उरणार होतं. क्रिकेटच्या कसोटीत एका वार्ताहरानं चूक केली तर दहा जण बरोबर लिहितात. इथे तो दुसरा माणूसच नसतो.

मी क्रिकेटवर पोसलेली, नाशिकहून शिकायला आलेली मुलगी. कॅम्पसच्या पेपरात तीन वर्षं खेळाचं पान सांभाळलं आणि बाजूला स्वतःचा ब्लॉग चालवला. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत. मराठी मुलं आता इथल्या जवळजवळ प्रत्येक कॅम्पसवर भेटतात आणि दर सप्टेंबरात त्यांतलं कुणी ना कुणी विचारतं, 'मला खेळावर लिहायचंय, सुरुवात कुठून करू?' त्यांच्यासाठी हे.

अमेरिकेच्या चष्म्यातून बघणं

माझ्या पहिल्याच सामन्यात फलकावर एका संघापुढे नुसता १ झळकला. टचडाउनचे (चेंडू टोकाच्या पट्ट्यात नेला की) सहा, फील्ड गोलचे (लाथाडून खांबांमधून मारला की) तीन, एवढं मी टीव्हीवर अमेरिकन सामने बघून पाठ केलं होतं. एक कुठून आला? मी वहीत लिहिलं, 'स्कोअरबोर्ड बिघडला.' शेजारच्या मुलानं ते वाचलं आणि हसू दाबत समजावलं. त्याला रूज म्हणतात. लाथाडलेला चेंडू एंड झोनमध्ये, म्हणजे त्या टोकाच्या पट्ट्यात गेला आणि समोरच्या संघाला तो बाहेर आणता आला नाही, तर लाथाडणाऱ्याला एक गुण. हुकलेल्या फील्ड गोलवरसुद्धा मिळतो. अटीतटीच्या सामन्याचा निकाल या एका गुणावर लागू शकतो.

कॅनडात मैदान ११० यार्डांचं, दर बाजूला १२ खेळाडू आणि दहा यार्ड पुढे जायला तीनच संधी, म्हणजे डाउन. चार नाहीत. त्यामुळे इथे किकिंगला वेगळंच महत्त्व, आणि 'तिसऱ्या डाउनवर त्यांनी जुगार खेळला' या वाक्याचा अर्थ अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी गंभीर. बास्केटबॉलमध्येही तीच गल्लत होते. अमेरिकेत कॉलेजचे पुरुष संघ २० मिनिटांचे दोन भाग खेळतात. इथे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात.

शिष्यवृत्तीबद्दल लिहिताना तर हात जपूनच चालवा. 'फुल राइड मिळाली', म्हणजे सगळा खर्च भागवणारी शिष्यवृत्ती मिळाली, हे वाक्य नव्या वार्ताहराच्या कॉपीत (मजकुरात) हमखास येतं. कॅनडातल्या विद्यापीठ खेळांची संस्था यू स्पोर्ट्स, तिच्या नियमांत खेळासाठी मिळणाऱ्या मदतीला शिक्षणशुल्क आणि सक्तीच्या इतर फीपर्यंतच मर्यादा आहे. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात बसत नाही. शिवाय खेळाडूकडे पात्रतेची पाच वर्षं असतात आणि ती त्याच्या अभ्यासक्रमाच्या वर्षांशी जुळतीलच असं नाही. 'तिसऱ्या वर्षाचा खेळाडू' लिहिताना तिसरं वर्ष कशाचं, हे विचारून घ्या.

हॉकीत (इथे हॉकी म्हणजे बर्फावरची) ही वर्षांची गल्लत फारच खटकते. पुरुष हॉकीतले बरेच खेळाडू आधी सीएचएलच्या (कॅनेडियन हॉकी लीगच्या) ज्युनियर लीगमध्ये खेळून, वीस-एकविसाव्या वर्षी विद्यापीठात येतात. तिथे घालवलेल्या हंगामांच्या बदल्यात त्यांना शिक्षणखर्चाची मदत मिळते. अशा खेळाडूला तुम्ही 'कोवळा नवखा' म्हणालात तर ड्रेसिंग रूममध्ये तुमची कॉपी मोठ्यानं वाचली जाईल, आणि कौतुकानं नव्हे. आता यालाही नवं वळण लागलंय. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था एनसीएए, तिनं नोव्हेंबर २०२४ मध्ये सीएचएलच्या खेळाडूंना ऑगस्ट २०२५ पासून दार उघडून दिलं. पूर्वी जो मुलगा कॅनडातल्या विद्यापीठात आला असता तो आता सीमेपलीकडेही जाऊ शकतो. तुमच्या संघाच्या प्रशिक्षकाला यंदा भरतीत काय अडचण आली, हा एकच प्रश्न विचारा. सामन्याच्या वृत्तान्तापेक्षा चांगली बातमी मिळेल.

करंडकांची खिचडी

यू स्पोर्ट्स ही राष्ट्रीय संस्था. २०१६ पर्यंत तिचं नाव सीआयएस होतं, जुन्या कात्रणांत तेच दिसेल. तिच्याखाली चार प्रादेशिक संघटना: ओंटारिओची ओयूए, क्वेबेकची आरएसईक्यू, अटलांटिक किनाऱ्याची एयूएस आणि पश्चिमेची कॅनडा वेस्ट. फुटबॉलमध्ये प्रत्येकीचा आपला करंडक आहे, अनुक्रमे येट्स कप, डन्समोर कप, लोनी बोल आणि हार्डी कप. चारही विजेते मग युटेक बोल आणि मिचेल बोल या दोन उपांत्य सामन्यांत भिडतात आणि त्यातून व्हॅनिए कपचा अंतिम सामना ठरतो. येट्स कप १८९८ पासूनचा आहे आणि व्हॅनिए कप १९६५ पासूनचा. म्हणून येट्स कप जिंकलेल्यांचा रुबाब समजून घ्या, पण त्यांना 'राष्ट्रीय विजेते' करून टाकू नका. नकाशावरही भरवसा नको. बिशप्स विद्यापीठ आहे क्वेबेकमध्ये, पण त्यांचा फुटबॉल संघ २०१७ पासून एयूएसमध्ये खेळतो.

बास्केटबॉल आणि हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेत यजमान संघाला थेट प्रवेश असतो. म्हणजे प्रादेशिक बाद फेरीत गारद झालेला संघ काही दिवसांनी राष्ट्रीय स्पर्धेत उतरू शकतो. आमच्या पानावर एकदा 'हंगाम संपला' असा मथळा चार कॉलम पसरून लागला होता. तो हंगाम संपलेला नव्हता. मथळा माझा होता.

आणि अटलांटिकमधला २०१७ चा लोनी बोल आठवा. एका खेळाडूच्या पात्रतेवरून वाद पेटला, एयूएसनं अंतिम सामनाच रद्द केला, प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांच्या आदेशानंतर सामना झाला. अकेडिया विद्यापीठानं तो अतिरिक्त वेळेत जिंकला. क्रीडा पानाच्या वार्ताहराला त्या आठवड्यात फुटबॉलचे नियम कमी आणि मनाई हुकूम जास्त समजायला हवा होता. पात्रतेचे नियम कंटाळवाणे असतात, म्हणूनच ते हंगामाआधी एकदा वाचून ठेवा.

नावं

अल्बर्टा विद्यापीठात पुरुषांचे संघ गोल्डन बेअर्स, महिलांचे पांडाज. ओटावात मात्र 'पांडा' म्हटलं की कार्लटन आणि ओटावा विद्यापीठांमधला फुटबॉल सामना, १९५५ पासूनचा, ज्याच्या करंडकाचं नाव पेड्रो. मॅकगिलमध्ये पुरुष रेडबर्ड्स, महिला मार्टलेट्स. मॅकगिलच्या पुरुष संघांचं जुनं नाव आदिवासी विद्यार्थ्यांच्या आक्षेपांनंतर २०१९ मध्ये सोडून दिलं गेलं. जुना विक्रम सांगताना नुसतं 'मॅकगिल' लिहिलं तरी भागतं. टोरांटोतलं रायर्सन २०२२ मध्ये टोरांटो मेट्रोपॉलिटन झालं आणि त्यांचे रॅम्स झाले बोल्ड. जुन्या अंकातून परिच्छेद उचलून चिकटवायची सवय असेल तर ही नावं तुम्हाला पकडून देतील.

खेळाडूंच्या नावांसाठी माझा नियम साधा आहे: मुलाखत संपली की वही त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, तूच लिही. कुणी रागावत नाही. ज्याचं आडनाव आयुष्यभर लोकांनी मोडून लिहिलंय तो तर खूश होतो. हे आपल्याइतकं कुणाला कळणार? फ्रेंचभाषक क्वेबेकमधल्या लावाल, माँट्रियाल किंवा शेरब्रुककडचा सामना असेल तर फ्रेंच अक्षरांवरचे स्वरचिन्हही तपासा, आणि प्रशिक्षक फ्रेंचमध्ये बोलला असेल तर कोट अनुवादित आहे हे कॉपीत सांगा.

पहिल्या मिनिटापासून सुरुवात करणं

ही आपली, क्रिकेटवाल्यांची खास खोड. नाणेफेक कुणी जिंकली इथून सुरू करून शेवटच्या षटकापर्यंत जायचं. कॅम्पसच्या पेपरात शनिवारच्या सामन्याचा वृत्तान्त वाचकाच्या हाती दोन-चार दिवसांनी पडतो. तोवर स्कोअर सगळ्यांच्या फोनवर शिळा झालेला असतो. बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता) वाक्यांत ओतून 'दुसऱ्या क्वार्टरमध्ये आघाडी, तिसऱ्यात बरोबरी' असं लिहिण्यात अर्थ नाही.

सामन्याला वळण देणारा एक सांधा शोधा आणि इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, तिथे बांधा. समजा, बास्केटबॉलच्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्ये प्रशिक्षकानं झोन डिफेन्स (खेळाडूऐवजी जागा राखणारा बचाव) लावला आणि समोरचा संघ पाच मिनिटं अडखळला. मग सामन्यानंतर 'कसं वाटतंय?' विचारू नका, कारण उत्तर ठरलेलं आहे: आम्ही एका वेळी एकाच सामन्याचा विचार करतो. 'झोनवर तेव्हाच का गेलात?' असं विचारा. प्रशिक्षक थांबतो, तुमच्याकडे नीट बघतो आणि बोलू लागतो.

न्यू ब्रन्सविक रेड्सची हॉकी टीम २०२३-२४ मध्ये ४३ पैकी ४३ सामने जिंकली. अशा हंगामात विसाव्या विजयावर काय लिहायचं? स्कोअर तर कुणालाच नको असतो. तिथे राखीव गोलरक्षकाचं मन, सराव, एकतर्फी जिंकताना येणारा कंटाळा, हेच विषय उरतात. कार्लटनच्या बास्केटबॉल संघानं २००३ ते २०२३ या काळात पुरुषांची १७ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. तिथल्या विद्यार्थी वार्ताहरांच्या पिढ्यांपुढे हीच अडचण आली असणार.

'आपण जिंकलो'

कॉपीत 'आपण' नको, प्रेस बॉक्समध्ये टाळ्या नकोत, अंगात विद्यापीठाची जर्सी नको. हे सगळेच सांगतात. अवघड भाग पुढे आहे. बास्केटबॉल संघातली सेंटर तुमच्या संख्याशास्त्राच्या वर्गात शेजारी बसते, वसतिगृहाच्या मेसमध्ये गोलरक्षक ताट घेऊन समोर येतो. ही जवळीक हेच तुमचं भांडवल, राष्ट्रीय वाहिनीकडे ते नाही. पण मेसमध्ये ऐकलेलं छापण्यासाठी नसतं. दुखापत, नापास झालेला विषय, संघातली भांडणं यांतलं काही छापायचं असेल तर आधी स्वतःची ओळख वार्ताहर म्हणून करून द्या आणि पुन्हा विचारा.

उलट बाजूही तितकीच खरी. मैत्री जपायची म्हणून गप्प बसणं हीसुद्धा चूकच. मॅकगिलनं २००५ मध्ये रॅगिंगच्या प्रकारानंतर फुटबॉलचा उरलेला हंगाम रद्द केला. वॉटर्लूनं २०१० मध्ये अख्ख्या फुटबॉल संघाची उत्तेजक चाचणी घेतली, नऊ प्रकरणं निघाली आणि पूर्ण हंगाम स्थगित झाला. चाचणीत काहीही न सापडलेली मुलंही घरी बसली. अशा बातम्या क्रीडा पानावरच येऊन आदळतात. तेव्हा नावं छापण्याआधी दोन स्वतंत्र स्रोत, कागदपत्र हातात आणि संपादकाला रात्री उठवायची तयारी, एवढं हवंच.

किरकोळ, पण रडवणाऱ्या गोष्टी

नोव्हेंबरच्या थंडीत फोनची बॅटरी बघता बघता मान टाकते. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा आणि टिपणं पेन्सिलीनं घ्या, बॉलपेनची शाई गोठते. रेकॉर्डिंग ड्रेसिंग रूमच्या दाराशी करू नका, मागच्या गाण्यात सगळं बुडतं. हॉकीचे फोटो करडे येतात कारण कॅमेरा पांढऱ्या बर्फाला फसतो. एक्स्पोजर एक पायरी वर घ्या. जिममध्ये फोटो हलत असतील तर शटर १/५०० च्या खाली जाऊ देऊ नका, दाणे आले तरी चालतील.

वेळा तपासा. व्हँकुव्हरमध्ये संध्याकाळी सातचा सामना म्हणजे हॅलिफॅक्समध्ये रात्रीचे अकरा. आणि रात्री उतरवलेला बॉक्स स्कोअर सकाळी पुन्हा बघा, असिस्ट (गोल करायला दिलेला पास) कुणाच्या नावावर हे बऱ्याचदा नंतर बदलतं.

महिला रग्बीला राष्ट्रीय स्पर्धा आहे, कर्लिंगलाही. तिथे प्रेस बॉक्स सोडाच, खुर्चीही नसते. माझ्या सगळ्यात चांगल्या मुलाखती रग्बीच्या मैदानावरच्या चिखलात उभ्यानं झाल्या. एका रग्बीपटूनं तर अंकाच्या दोन प्रती मागून घेतल्या, एक आजीला पाठवायला. तिच्या आडनावातलं एक अक्षर मी खाल्लं होतं. ब्लॉगवर त्याच रात्री दुरुस्त केलं, पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापली. आजीकडच्या प्रतीत मात्र ते अजून तसंच आहे.